चालक चांगला, पक्ष नकोसा

३० जून २००४ रोजी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात एका मिनीबस चालकाला कंपनीनं तडकाफडकी नारळ दिला. त्याला नोकरीला लागून सात महिने व्हायचे होते. एवढ्या काळात त्याच्या कामाबद्दल किंवा वागण्याबद्दल एकही तक्रार आली नव्हती. उलट त्याच्या सुपरवायझरनं, जो स्वतः आशियाई वंशाचा होता, अव्वल कर्मचारी म्हणून त्याचं नाव सुचवलं होतं. पण त्याच महिन्यात हा माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला होता, आणि ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आला तो पक्ष गोऱ्यांखेरीज कुणाला सदस्यही करून घेत नसे.

माणसाचं नाव आर्थर रेडफर्न, पक्ष ब्रिटिश नॅशनल पार्टी म्हणजे बीएनपी, कंपनी सर्को. हे भांडण पुढे आठ वर्षं चाललं आणि 'रेडफर्न विरुद्ध युनायटेड किंगडम' या नावानं कामगार कायद्याच्या अभ्यासात कायमचं जाऊन बसलं.

कामाच्या वेळेबाहेर केलेल्या राजकारणासाठी मालकानं माणसाला काढावं का, यावर वाद घालताना आपण सगळेच सोयीची उदाहरणं घेतो. मतं पटणाऱ्याला काढलं की ती गळचेपी, न पटणाऱ्याला काढलं की 'केलं ते भोगलं'. रेडफर्नचं प्रकरण घ्यावंसं वाटलं ते यासाठीच. त्याच्या पक्षाबद्दल मला तिळमात्र आपुलकी नाही, आणि तरीही कंपनी चुकली असं माझं मत आहे. ते एका वाक्यात मांडता येत नाही, कारण कंपनीच्या बाजूनंही बोलण्यासारखं बरंच आहे.

काय घडलं

रेडफर्न ५ डिसेंबर २००३ला कामावर लागला. काम असं होतं की शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्या मुलांना आणि मोठ्यांना घरून न्यायचं, पोचवायचं, परत आणायचं. सेवा स्थानिक पालिकेसाठी होती आणि तिचं कंत्राट सर्कोकडे होतं. ७० ते ८० टक्के प्रवासी आशियाई वंशाचे होते, कर्मचाऱ्यांतही त्यांचं प्रमाण ३५ टक्के होतं. हे आकडे लक्षात ठेवायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

२६ मे २००४ला एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली की रेडफर्न बीएनपीतर्फे पालिकेची निवडणूक लढवतो आहे. त्यानंतर युनिसनसह कामगार संघटनांनी आणि काही कर्मचाऱ्यांनी कंपनीकडे काळजी व्यक्त केली. जूनमध्ये तो निवडून आला आणि महिनाअखेरीस नोकरी गेली.

शहराची पार्श्वभूमी सोडून हे प्रकरण वाचलं तर कंपनी उगाच घाबरट वाटेल. जुलै २००१मध्ये ब्रॅडफर्डमध्ये मोठी दंगल झाली होती आणि तीनशेहून जास्त पोलीस जखमी झाले होते. वंशावरून पेटलेल्या त्या आगीला जेमतेम तीन वर्षं उलटली होती. अशा गावात, अशा प्रवाशांची ने-आण करणाऱ्या गाडीचा चालक बीएनपीचा नगरसेवक निघतो, हे कळल्यावर व्यवस्थापक रात्री निवांत झोपला नसेल.

कंपनीची तीन कारणं

त्याला काढताना कंपनीनं मुख्य कारण आरोग्य आणि सुरक्षिततेचं दिलं. प्रवासी आणि त्यांना सांभाळणारे लोक यांच्या मनात धास्ती बसेल, हा पहिला मुद्दा. बीएनपीचे विरोधक गाडीवर हल्ला करतील, हा दुसरा. आणि तिसरा असा की कंपनीचं नाव खराब होईल आणि पालिकेचं कंत्राट हातचं जाऊ शकेल.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात लंगडा वाटतो. उद्या कुणी दगड मारेल म्हणून आज चालकाला काढायचं, म्हणजे दगड मारणाऱ्याची शिक्षा काचेला. हे मान्य केलं तर कुठल्याही कर्मचाऱ्याला घालवायचं असेल तर त्याच्या विरोधकांनी फक्त धमकी द्यावी, बाकीचं काम मालक करेल. आज बीएनपीवाल्याविरुद्ध चालणारी ही युक्ती उद्या दंगलीविरोधी मोर्चात चालणाऱ्या बाईविरुद्धही तितकीच चालेल.

तिसरा मुद्दा निदान प्रामाणिक आहे. मांडताना शेवटी आलेलं हे कारण मनात पहिलं असावं, असा माझा कयास आहे. कंत्राट गेलं तर शे-दोनशे लोकांच्या पोटाचा प्रश्न येतो आणि कुठलाही मालक ताकही फुंकून पिणार. पण गिऱ्हाईक नाराज होईल एवढ्यावर माणसाला घालवता येत असेल, तर नोकरीतलं राजकीय स्वातंत्र्य गिऱ्हाइकाच्या मर्जीवर लोंबकळतं. शिवाय इथलं गिऱ्हाईक कोण, तर पालिका. रेडफर्न त्याच पालिकेत लोकांनी निवडून पाठवलेला सभासद. म्हणजे ज्या सभागृहात बसायला मतदारांनी त्याला लायक ठरवलं, त्याच सभागृहाच्या भीतीनं कंपनीनं त्याला गाडीवरून उतरवलं. यात कायदा मोडलेला नाही, पण हसावं की रडावं ते कळत नाही.

राहिला पहिला मुद्दा, प्रवाशांच्या धास्तीचा. इथे मात्र घाई करता येत नाही.

दुकानातला विक्रेता आवडला नाही तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो. या प्रवाशांना ती सोय नव्हती. जो चालक दारात येईल त्याच्या गाडीत बसायचं, त्याला पट्टा बांधू द्यायचा, त्याला आपलं घर आणि आपल्या वेळा माहीत असणार. काही मुलांना तर काय घडलं ते घरी येऊन सांगताही येत नसेल. आता कल्पना करा की चालक ज्या पक्षाचा आहे, तो पक्ष तुम्ही या देशाचेच नाही असं म्हणतो. इतर पक्षांची सदस्यता म्हणजे एक मत असतं. या पक्षाची सदस्यता, तिच्या अटीमुळेच, गाडीत मागे बसलेल्या माणसाबद्दलचं एक विधान होतं. अशा वेळी आईबापांना वाटणारी भीती म्हणजे साप समजून भुई धोपटणं, असं म्हणायला मी तयार नाही.

तरीही प्रश्न उरतो. भीती खरी आहे हे मान्य, पण त्या भीतीवर बडतर्फी हाच उपाय होता का? २५ मेला हाच माणूस याच प्रवाशांना नेत-आणत होता आणि तक्रार नव्हती. २६ मेला छापून आलं ते त्याचं मत, त्याचं वर्तन नव्हे. मधल्या पाच आठवड्यांत कंपनीला बरंच काही करता आलं असतं. त्याच्याशी बोलता आलं असतं, गाडीत पक्षाचा बिल्ला नको, पत्रक नको, चर्चा नको अशी लेखी ताकीद देता आली असती. गाडीत एक मदतनीस बसवता आला असता. प्रवाशांशी संबंध येणार नाही अशा कामावर त्याची बदली करता आली असती. यातलं काहीच पुरेसं ठरलं नसतं, असंही शक्य आहे. पण ते करून पाहिल्यावर कळतं. बदलीचा विचारच झाला नाही, ही गोष्ट पुढे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्याही डोळ्यांत खुपली.

बारा महिन्यांचा उंबरठा

'अन्यायकारक बडतर्फी' म्हणून दाद मागायचा हक्क ब्रिटिश कायद्यात होता, पण त्या वेळी त्यासाठी सलग एक वर्ष नोकरी झालेली लागे. रेडफर्नची नोकरी सहा महिने आणि पंचवीस दिवसांची. दार होतं, पण त्याला उंबरठ्यावरच अडवलं.

या नियमाला अपवाद होते. गरोदर आहे म्हणून काढलं, तर एक वर्षाची अट लागत नसे. वंश, लिंग किंवा धर्म यावरून काढलं, तर भेदभावाच्या कायद्याखाली पहिल्या दिवसापासून दाद मागता येत असे. राजकीय मताचा मात्र कुठेच उल्लेख नव्हता. तेव्हा वकिलांनी जे दार उघडं होतं तिथून आत शिरायचा प्रयत्न केला आणि १९७६च्या वंशसंबंध कायद्याखाली दावा लावला. म्हणजे गोऱ्यांपुरत्या पक्षाचा नगरसेवक 'मला वंशावरून काढलं' असं म्हणत ट्रायब्युनलपुढे, म्हणजे नोकरीचे तंटे सोडवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, उभा राहिला.

हसू येतं, पण युक्तिवाद बाष्कळ नव्हता. १९८४ला एका खटल्यात असं ठरलं होतं की काळ्या गिऱ्हाइकांना आत घेऊ नको हा हुकूम ज्या गोऱ्या व्यवस्थापकानं मानला नाही आणि म्हणून ज्याची नोकरी गेली, त्याला 'वांशिक कारणावरून' वाईट वागणूक मिळाली. म्हणजे वंश स्वतःचाच असायला हवा असं नाही, दुसऱ्याचा असला तरी चालतो. रेडफर्नचे वकील तोच धागा पुढे नेत होते की प्रवासी आशियाई आहेत म्हणूनच याला काढलं, तेव्हा हेही वांशिक कारणच. पहिल्या ट्रायब्युनलनं दावा फेटाळला. २००५मध्ये अपील ट्रायब्युनलनं त्याच्या बाजूनं कौल दिला. मे २००६मध्ये अपील न्यायालयानं तो उलटवला. वंशभेद रोखायला केलेला कायदा असा वापरला तर तो डोक्यावर उभा राहतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. सहकाऱ्याला वंशावरून शिवी देणाऱ्याला काढलं तर तोही उद्या 'वांशिक कारणावरून काढलं' म्हणून उभा राहील. रेडफर्नला काढलं ते तो गोरा होता म्हणून नाही. काढायचं कारण होतं एका पक्षाची सदस्यता, आणि गोऱ्यांतही फार थोडे लोक त्या पक्षात होते.

न्यायालयाचं हे तर्कशास्त्र मला पटतं. पण त्यातून निघालेला निष्कर्ष असा की या माणसाच्या तक्रारीला बसेल असा रकानाच कायद्याच्या अर्जात छापलेला नाही.

(जाता जाता एक गंमत. हीच नोकरी ब्रॅडफर्डऐवजी बेलफास्टमध्ये असती तर गोष्ट वेगळी झाली असती. उत्तर आयर्लंडमध्ये राजकीय मतावरून नोकरीत भेदभाव करायला १९७६पासून कायद्यानं बंदी आहे, कारण तिथे राजकीय मत विचारलं की बहुतेकदा धर्मच कळतो. एकाच राज्यकर्त्यांनी समुद्राच्या अलीकडे एक न्याय लावला आणि पलीकडे दुसरा.)

स्ट्रासबर्गचा निकाल

रेडफर्ननं मग ब्रिटन सरकारविरुद्ध दाद मागितली, आणि ६ नोव्हेंबर २०१२ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथल्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. मानवी हक्क कराराच्या ११व्या कलमातलं संघटना स्वातंत्र्य राखण्यात ब्रिटन कमी पडलं, असा तो निकाल. लोकांना खुपणाऱ्या, धक्का देणाऱ्या मतांनाही हे संरक्षण आहे, नाहीतर त्याला अर्थ उरत नाही, ही भूमिका त्या न्यायालयानं पूर्वीपासून घेतली होती आणि इथेही तीच लावली. बीएनपी बेकायदेशीर पक्ष नव्हता, याचीही नोंद घेतली.

बऱ्याच बातम्यांत 'बीएनपी चालक जिंकला' असा सूर होता. प्रत्यक्षात निकाल फार बेतानं लिहिलेला आहे. सर्कोनं काढलं ते चूक, असं न्यायालय कुठेच म्हणत नाही. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी मालकाला कर्मचाऱ्याच्या संघटना स्वातंत्र्यावर काही बंधनं घालता येतात, हेही त्यानं मान्य केलं. मुद्दा एवढाच की राजकीय सदस्यतेवरून काढलेल्या माणसाला, नोकरी कितीही दिवसांची असो, आपली बाजू एखाद्या स्वतंत्र न्यायाधीशापुढे मांडायची सोय हवी. मालकाची भीती कितपत रास्त होती हे तिथे तोललं जावं. तोलून कंपनीच बरोबर ठरली तर हरकत नाही, पण काटा तरी हवा. रेडफर्न ५६ वर्षांचा होता आणि त्या वयात दुसरं काम मिळणं अवघड, हेही न्यायालयानं विचारात घेतलं.

विरोधी मत देणाऱ्या तीन न्यायाधीशांकडे दुर्लक्ष करू नये. त्यांचा मुद्दा साधा होता. नव्या माणसाला कामावर घ्यायला मालक कचरू नयेत म्हणून सुरुवातीच्या काळात थोडी मोकळीक द्यायची, हे आर्थिक धोरण आहे आणि ते संसदेनं ठरवायचं. खाजगी मालकानं केलेल्या बडतर्फीसाठी सरकारला जबाबदार धरायचं, तेही एवढ्या तपशिलात, हे फार पुढे जाणं झालं. मला हे अर्धंच पटतं. मोकळीक हवी ती माणूस कामाला कसा आहे हे पाहायला. तो कुणाला मत देतो हे पाहायला मालकाला परीक्षाकाळ कशाला हवा?

याच न्यायालयाचे आणखी दोन निकाल शेजारी ठेवले की चित्र उजळतं. १९९५मध्ये जर्मनीतल्या एका शिक्षिकेच्या बाजूनं दहा विरुद्ध नऊ असा निकाल लागला. ती कम्युनिस्ट पक्षात सक्रिय होती, शिकवण्याबद्दल कुणाचा आक्षेप नव्हता, तरी सरकारी नोकरीतून तिला काढलं होतं. तिथेही वर्गात तिनं काय केलं यावर भर होता आणि तिथेही मतं जवळजवळ निम्मी-निम्मी पडली. दुसरा निकाल २००७चा. ब्रिटनमधल्या रेल्वे चालकांच्या युनियननं बीएनपीच्या एका सदस्याला बाहेर काढलं होतं आणि देशाच्या कायद्यानं युनियनला तसं करू दिलं नव्हतं. न्यायालयानं युनियनची बाजू घेतली, कारण समान विचारांसाठी जमलेल्या संघटनेला कुणाला घ्यायचं हे ठरवता आलं पाहिजे.

म्हणजे पक्ष तोच, पण युनियन त्याच्या माणसाला काढू शकते आणि बसकंपनीला मात्र आधी हिशेब द्यावा लागतो. मला यात विसंगती दिसत नाही. युनियन विचारांवर उभी असते आणि ती सोडावी लागली तरी घरची चूल पेटत राहते. कंपनी गाड्या चालवण्यासाठी उभी असते आणि तिथून बाहेर काढलं की चुलीवरच पाणी पडतं. भाकरी देणाऱ्याच्या हातात मतावरची लगामही द्यायची नसेल, तर फरक इथेच करावा लागतो.

मग मालकानं करायचं काय

हे प्रकरण वाचून माझं जे मत बनलं ते असं. कामाबाहेरच्या राजकारणाचा कामावर काय परिणाम झाला, एवढंच मालकानं विचारावं, आणि तो झाला हे दाखवायची जबाबदारीही मालकाचीच असावी. परिणाम दिसला तर आधी सौम्य उपाय करावा. बडतर्फी अगदी शेवटी. सर्को पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर गेली. बदली देऊ केली असती आणि रेडफर्ननं ती नाकारली असती, किंवा मदतनीस बसवूनही लोकांनी आपली मुलं गाडीत पाठवणं थांबवलं असतं, तर मी कंपनीच्या बाजूनं लिहिलं असतं.

आणि पदाचा फरक करावाच लागतो. पक्षाचा प्रवक्ता, मालकाच्या नावानं बोलणारा अधिकारी, निःपक्षपणा हेच ज्याचं काम आहे असा न्यायाधीश किंवा पोलीस, यांची गोष्ट निराळी. त्यांच्या बाबतीत राजकारण कामाच्या आत येतं. मिनीबसचा चालक या यादीत बसतो का? कामाचं स्वरूप पाहिलं तर नाही, प्रवासी पाहिले तर थोडासा बसतो. इथेच हे प्रकरण मला सोडत नाही. आणि तो चालक एखाद्या गोदामात काम करत असता तर? तिथेही तीनातला एक सहकारी आशियाई. त्यांनाही सन्मानानं काम करता यायला हवंच, पण तिथे मी त्याच्या तोंडून काय निघतं आणि हातून काय होतं हेच पाहीन, खिशातलं कार्ड काढायला लावणार नाही.

पुढे काय झालं

ब्रिटननं कायदा बदलला. राजकीय मत किंवा संबंध हे बडतर्फीचं कारण असेल तर नोकरीच्या मुदतीची अट लागणार नाही, असा अपवाद २५ जून २०१३पासून लागू झाला. बडतर्फी आपोआप अन्यायकारक ठरत नाही, फक्त दार उघडतं. आत गेल्यावर मालकाचं कारण रास्त होतं का हे ट्रायब्युनल तपासतं. आणि हा हक्क पगारी कर्मचाऱ्याला आहे, कंत्राटावर फुटकळ कामं करणाऱ्याला नाही. आता गाड्या हाकणारे कितीतरी लोक त्या दुसऱ्या वर्गात मोडतात, हे विसरता येत नाही.

रेडफर्नच्या बडतर्फीपासून या बदलापर्यंत नऊ वर्षं गेली. तोवर एक वर्षाची अट एप्रिल २०१२मध्ये दोन वर्षांची झाली होती. ज्या नियमामुळे बीएनपीची सदस्यता प्रवाशांना अपमान वाटावी अशी होती, तो गोऱ्यांपुरता नियम पक्षाला समानता आयोगानं कोर्टात खेचल्यामुळे २०१०मध्येच बदलावा लागला होता. आणि ३० जून २००४ला कंपनीनं केलं ते योग्य होतं की नाही, हे कुठल्याच न्यायाधीशानं ठरवलं नाही. पहिल्या मार्गानं दाद मागायला नोकरीचे दिवस कमी पडले, दुसऱ्या मार्गात कायद्याचं कलम बसलं नाही, आणि स्ट्रासबर्गनं सांगितलं की ते ठरवायची जागा तुमच्याकडे असायला हवी होती.